सूरपत्रं : कागद कोणी जपला?

मागच्या अंकात पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या कृष्णवर्णीय रचनाकारांवर आणि कलावंतांवर दोन पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग आला. कौतुकाची होती, रागावलेली होती, चूक दाखवून देणारी तर होतीच. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, निवडक घेते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी माझ्याबद्दल एवढंच की मी वाद्यवृंदात 31 वर्षं दुसऱ्या व्हायोलिनच्या गटात, मागून दुसऱ्या खुर्चीवर बसले. पुढे सरकण्याएवढी बोटं चपळ नव्हती. अक्षर मात्र सुबक होतं, म्हणून नोटेशनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. कुणाचा पार्ट, म्हणजे एका वाद्यापुरतं लिहिलेलं नोटेशन, हरवला, फाटला, त्यावर चहा सांडला, की रात्री बसून मी तो नकलून द्यायचे. त्यामुळे प्रश्न सुरांचा असला तरी माझं लक्ष आधी कागदाकडे जातं. खोड आहे, आता जायची नाही.

प्रश्न : ताई, मॅरियन अँडरसन यांचा लिंकन मेमोरियलसमोरचा कार्यक्रम तुम्ही 1936 चा लिहिलात. तो 1939 चा ना?

1939 चाच. चूक माझी. त्यातून तो दिवस आपल्याला तोंडपाठ आहे अशी माझी समजूत होती! 9 एप्रिल 1939, ईस्टरचा रविवार. वॉशिंग्टनमधला कॉन्स्टिट्यूशन हॉल ज्या महिला संघटनेच्या मालकीचा होता, तिने कृष्णवर्णीय गायिकेला तो द्यायला नकार दिला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट यांनी त्या संघटनेचा राजीनामा दिला आणि कार्यक्रम झाला तो उघड्यावर, लिंकनच्या पुतळ्यापुढच्या पायऱ्यांवर. समोर सुमारे 75,000 माणसं होती. हवा गार, म्हणून अँडरसन फरचा कोट घालून गायल्या. सुरुवात देशगीताने केली, आणि त्यात जिथे ‘मी गाते’ असा शब्द येतो तिथे त्यांनी ‘आम्ही गातो’ म्हटलं.

हे सगळे सांगतात. पुढचं कमी जण सांगतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांना पहिल्यांदा उभं राहायला मिळालं ते 7 जानेवारी 1955 ला. तोवर त्या ऑपेरात कुठल्याही कृष्णवर्णीय गायकाने किंवा गायिकेने प्रमुख भूमिका केलेली नव्हती. अँडरसन तेव्हा 57 वर्षांच्या होत्या. गळ्याची उमेदीची वर्षं मागे पडली होती. व्हेर्दीच्या ऑपेरातली भविष्य सांगणारी उल्रिका त्यांनी गायली, टाळ्या थांबेनात. पण त्यांना तिशीत तिथे ऐकायला मिळालं असतं तर काय ऐकलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : फ्लॉरेन्स प्राइस आणि लिओन्टिन प्राइस या बहिणी का?

नाही, नात्यातल्याही नाहीत. फ्लॉरेन्स लग्नानंतर प्राइस झाल्या, लिओन्टिन यांचं ते जन्माचं आडनाव. एक रचनाकार, एक गायिका. फ्लॉरेन्स यांनी एका जुन्या भक्तिगीताला दिलेली मांडणी मात्र लिओन्टिन यांनी गायली आहे, आणि वर सांगितलेल्या ईस्टरच्या कार्यक्रमात अँडरसन यांनीही तेच गीत गायलं होतं.

प्रश्न : शेव्हालिए द सँ-जॉर्ज यांना ‘काळा मोझार्ट’ म्हणतात. ते मोझार्टचे शिष्य होते की फक्त त्याच्यासारखं लिहायचे?

दोन्ही नाही. हे टोपणनाव मला अजिबात आवडत नाही. टोपणनाव देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्यातून असं वाटतं की मूळ माल एकीकडे आणि याच्याकडे त्याची रंगीत आवृत्ती.

वयाचाच हिशोब करा. जोसेफ बोलोन, म्हणजे आपले सँ-जॉर्ज, जन्मले 1745 च्या नाताळात, ग्वादलुप या कॅरिबियन बेटावर. मोझार्ट 1756 चा. हे दहा वर्षांनी थोरले. वडील मळ्याचे फ्रेंच मालक, आई नानों ही त्याच घरातली गुलाम मुलगी. वडिलांनी मुलाला फ्रान्सला आणलं, तलवारबाजीच्या नामांकित शाळेत घातलं. तिथे तो असा तयार झाला की सारा युरोप त्याला आधी तलवारबाज म्हणून ओळखू लागला. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स 1779 मध्ये फ्रान्समध्ये होते. घोडेस्वारी, नेमबाजी, तलवार, नृत्य आणि संगीत यांत युरोपात याच्या तोडीचा माणूस नाही, असं त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं.

संगीतात हा गृहस्थ हौशी नव्हता. पॅरिसमधला ‘कॉन्सेर देझामातर’ हा वाद्यवृंद 1773 पासून त्याच्या हाती होता, आणि तो वृंद तेव्हा युरोपातल्या अव्वल वृंदांत मोजला जाई. फ्रान्समध्ये चार तंतुवाद्यांसाठी, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, लिहिणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी तो एक. ऑस्ट्रियन रचनाकार हायडनच्या ‘पॅरिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहा सिंफनी, 82 ते 87 क्रमांकाच्या, ज्या संस्थेने लिहवून घेतल्या, तिच्या वृंदाचा संचालकही सँ-जॉर्जच. हायडन बसला होता दूर एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी. त्या सिंफनी पॅरिसकरांना पहिल्यांदा ऐकवण्याची जबाबदारी या माणसावर होती. मोझार्ट 1778 मध्ये पॅरिसला आला तो काम शोधत. तेव्हा गावात नाव कुणाचं होतं? तुम्हीच ठरवा.

त्याची व्हायोलिनची लेखणी हा वेगळाच विषय. मी वाजवून पाहिलं आहे, म्हणजे वाजवायचा प्रयत्न केला आहे. ई तारेवर हात असा वर, अगदी पुलाच्या दिशेने चढवतो की खालची घरं विसरायला होतात. आणि लगेच गज तारांवरून नाचवत खाली आणतो. तलवारीच्या हाताचं मनगट असणार ते.

आता ती बदनाम गोष्ट. 1776 मध्ये पॅरिसच्या ऑपेराचं संचालकपद त्याला मिळावं असं ठरत होतं. तिथल्या तीन बड्या कलावंतिणींनी, सोफी आर्नू आणि रोझाली लवासर या गायिका आणि गिमार ही नर्तकी, राणी मारी आंत्वानेतकडे अर्ज केला. आमची अब्रू आणि सदसद्विवेक आम्हाला मिश्र रक्ताच्या माणसाचा हुकूम मानू देत नाही, असा त्याचा मथितार्थ. सँ-जॉर्जने माघार घेतली आणि राजाने ऑपेराचा कारभार आपल्या खात्याकडे ओढला. त्याने पुढे ऑपेरा लिहिले. त्यांतला पूर्ण स्वरूपात हाताशी आहे तो एकच, 1780 चा ‘लामाँ आनोनीम’. नावाचा अर्थ ‘निनावी प्रियकर’. बाकीच्यांचे कागद गेले.

प्रश्न : बेथोव्हन स्वतः कृष्णवर्णीय होता हे खरं का? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय.

खरं नाही. दावा जुना आहे, पुरावा नाही. त्याच्या केसांच्या बटांचा जनुकीय अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही वंश युरोपीयच निघाला. हा विषय इथेच सोडते, कारण बेथोव्हनला उसना रंग देण्याच्या नादात त्याच्या शेजारी उभा असलेला खराखुरा माणूस दिसेनासा होतो.

जॉर्ज ब्रिजटॉवर, व्हायोलिनवादक. वडील कॅरिबियन वंशाचे, जन्म आजच्या पोलंडमधल्या ब्यावा पोडलास्का गावी. पोरवयातच 1789 मध्ये पॅरिस गाजवलं, मग लंडनला युवराजाच्या आश्रयाखाली वाढला. 1803 च्या वसंतात व्हिएन्नाला पोचला तेव्हा पंचविशीच्या आसपास होता. बेथोव्हनने त्याच्यासाठी व्हायोलिन आणि पियानोचा सोनाटा लिहायला घेतला. कार्यक्रम ठरला 24 मे ला सकाळी आठ वाजता, आउगार्टन बागेतल्या दिवाणखान्यात. आणि सोनाटा पुरा होता कुठे!

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. बेथोव्हनचा शिष्य फेर्डिनांड रीस याने लिहून ठेवलंय की त्याला पहाटे साडेचारला उठवून बोलावून घेतलं आणि पहिल्या भागाचा व्हायोलिनचा पार्ट झटपट नकलून काढायला बसवलं. पहाटे साडेचारला उठवलेल्या नकलकाराचं दुःख मला विचारा. दुसऱ्या भागाची नक्कल करायला वेळच उरला नाही. तेव्हा ब्रिजटॉवरने बेथोव्हनच्या हस्तलिखितातून, ते बेथोव्हनचं अक्षर, जे शांतपणे बसून वाचतानाही घाम फुटतो, वाचत वाचत तो भाग भर मैफलीत वाजवला. तिसरा भाग सुदैवाने तयार होता. तो आधी दुसऱ्याच सोनाट्यासाठी लिहून बाजूला ठेवलेला. पहिल्या भागात पियानोला एक मोकळी उडी आहे. ब्रिजटॉवरने तीच उडी व्हायोलिनवर जागच्या जागी उचलून दाखवली. बेथोव्हन उठला, त्याला मिठी मारली आणि म्हणाला, पुन्हा एकदा, मित्रा!

सुरुवातीच्या कागदावर बेथोव्हनने गमतीत अर्पणपत्रिकाही लिहिली होती, ‘मिश्र रक्ताच्या ब्रिजटॉवरसाठी’ अशा अर्थाची, शेजारी वेडा असं विशेषण लावून. मग दोघांचं बिनसलं. एका मुलीवरून, असं ब्रिजटॉवर म्हातारपणी सांगे. 1805 मध्ये सोनाटा छापून आला तेव्हा अर्पण रोडोल्फ क्रॉयत्झर या फ्रेंच वादकाला होता. या क्रॉयत्झरने तो जाहीरपणे कधीच वाजवला नाही! तरी आज जगभर त्याचं नाव ‘क्रॉयत्झर सोनाटा’. ज्याने वाचत वाचत वाजवला तो 1860 मध्ये लंडनच्या पेकहॅम भागात वारला, आणि मुखपृष्ठावर एक ओळ बदलल्यामुळे दोनशे वर्षं दुसऱ्याचं नाव घेतलं जातंय.

प्रश्न : द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतली ती संथ धून म्हणजे गुलामांचं जुनं गाणं आहे असं आमच्या सरांनी सांगितलं.

धून द्वोर्झाक या चेक रचनाकाराचीच. तिला ‘गोइंग होम’ हे शब्द नंतर, 1922 मध्ये, त्याच्या एका विद्यार्थ्याने जोडले आणि मग सगळ्यांना वाटू लागलं की गाणं आधीचं आहे. पण सर अगदीच चुकले नाहीत. द्वोर्झाक 1892 मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेचा प्रमुख म्हणून आला, तेव्हा हॅरी बर्ली नावाचा कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे होता. तो द्वोर्झाकला घरी जाऊन आपल्या माणसांची भक्तिगीतं गाऊन दाखवी. बर्लीने ती शिकली होती आजोबांकडून, आणि आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. अमेरिकेला मोठं संगीत उभं करायचं असेल तर पाया या गाण्यांत आहे, असं द्वोर्झाक वर्तमानपत्रातून सांगू लागला. लोक चिडले. बर्ली तिथे द्वोर्झाकसाठी नोटेशन नकलायचं कामही करायचा, त्यामुळे माझा थोडा जास्तच लाडका.

प्रश्न : संगीताला रंग नसतो. रचना चांगली असेल तर ती टिकते. टिकली नाही म्हणजे तेवढी चांगली नसावी. मग कातडी बघून रचनाकार शोधून काढणं ही दया नाही का? स्पष्ट विचारतो, राग नसावा.

राग नाही. तुमच्या पत्रातलं पहिलं वाक्य मी स्वतः चाळिशीपर्यंत म्हणत होते. दुसऱ्याशी मात्र कपाटाची किल्ली हातात आल्यापासून माझं भांडण आहे.

सिंफनी वाजवायला नुसती सिंफनी पुरत नाही. संचालकासमोर पूर्ण संहिता लागते, आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट. तंतुवाद्यांत दोघांत एक धरला तरी साठ-सत्तर वादकांना चाळीसेक प्रती सहज लागतात. त्या कुणीतरी नकलाव्या लागतात किंवा छापाव्या लागतात, चुका काढाव्या लागतात, कपाटात ठेवाव्या लागतात. कार्यक्रम ठरवणारी मंडळी काय करतात? कपाट उघडतात. आत जे असेल त्यातून निवडतात. जे नाही ते वाईट म्हणून नाही असं नसतं, ते फक्त नसतं.

बाखचंच घ्या. ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही त्याची थोर रचना. त्याच्या मृत्यूनंतर ती कित्येक दशकं कुणी जाहीरपणे गायली नव्हती. 1829 मध्ये विशीतल्या मेंडेल्सोनने ती बर्लिनला पुन्हा उभी केली. ती त्याच्या हाती कशी आली? त्याच्या आजीने नातवाला भेट म्हणून संहितेची नक्कल करून घेतली होती. बाखला एक आजी मिळाली. सगळ्यांना मिळत नाही.

आता फ्लॉरेन्स प्राइस यांच्याकडे या. जन्म 1887, आर्कान्सातल्या लिटल रॉकचा. वडील दंतवैद्य, घर सुशिक्षित. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतून 1906 मध्ये पदवी. गावात 1927 मध्ये जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला मारलं आणि त्याच्या प्रेताची विटंबना केली, त्यानंतर हे कुटुंब शिकागोला गेलं. तिथे नवरा सुटला, दोन मुली पदरी. शिकवण्या घेतल्या, मूकपटांना ऑर्गनची साथ केली, जाहिरातींची गाणी रचली. 1932 मध्ये त्यांच्या ई मायनर सिंफनीला वॅनामेकर स्पर्धेचं पहिलं बक्षीस मिळालं, 500 डॉलर, आणि 15 जून 1933 ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. अमेरिकेतल्या बड्या वृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ.

तिचा तिसरा भाग ‘जुबा’ नाचावर आहे. गुलामांना ढोल वाजवायची अनेक ठिकाणी बंदी होती, कारण ढोलावर निरोप जातात ही मालकांची भीती. मग लोकांनी मांडी, छाती, टाळ्या आणि पाय यांचा ढोल केला. आमच्या वृंदात तो भाग पहिल्यांदा बसवला तेव्हा आम्ही दुसऱ्या व्हायोलिनवाले ठोक्याच्या मधल्या जागा इतक्या जपून वाजवत होतो की नाचाऐवजी कवायत व्हायची. संचालकांनी वाद्यं खाली ठेवायला लावली. म्हणाले, मांडीवर वाजवा. साठ माणसं मांड्या बडवत बसली होती, आणि दहा मिनिटांत पार्ट बसला.

हीच बाई 5 जुलै 1943 ला बोस्टन सिंफनीचे संचालक कुसेवित्स्की यांना लिहिते की माझ्यात दोन उणिवा आहेत, मी स्त्री आहे आणि माझ्या अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे. पुढे तिची विनंती एवढीच की संहिता बघा. त्या वृंदाने तिच्या हयातीत तिची एकही सिंफनी वाजवली नाही. 1953 मध्ये ती वारली.

2009 मध्ये इलिनॉयमधल्या सेंट अ‍ॅन गावात एक जोडपं पडकं घर दुरुस्त करायला गेलं. झाड पडून छपराला भोक पडलेलं, आत उचकपाचक झालेली. एका कोरड्या राहिलेल्या भागात कागदांचे गठ्ठे, त्यांवर पुन्हापुन्हा एकच नाव. ते प्राइस यांचं उन्हाळी घर होतं. गठ्ठ्यात व्हायोलिनचे दोन कन्चेर्टो आणि 1945 ची चौथी सिंफनी निघाली. पाऊस जरा तिरपा आला असता तर? तर ती ‘तेवढी चांगली नसावी’ असं आपण म्हणालो असतो, नाही का? चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली 2018 मध्ये. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने केलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या ध्वनिमुद्रणाला 2022 मध्ये ग्रॅमी मिळालं. दया करून कुणी सिंफनी ग्रॅमीपर्यंत ओढून नेत नाही हो.

स्कॉट जॉप्लिनचंही असंच. रॅगटाइम या ठेकेबाज पियानो-संगीताचा बादशहा म्हणून ओळख, पण त्याने ‘ट्रीमोनिशा’ नावाचा अख्खा ऑपेरा लिहिला आणि 1911 मध्ये पदरमोड करून पियानोची संहिता छापली. वाद्यवृंदाची त्याची मूळ मांडणी हरवली. ऑपेरा नीट रंगमंचावर आला 1972 मध्ये, जॉप्लिन जाऊन 55 वर्षं झाल्यावर. आणि मेट्रोपॉलिटन ऑपेरा, 1883 पासूनची संस्था, तिने कृष्णवर्णीय रचनाकाराचा ऑपेरा पहिल्यांदा केला 2021 च्या सप्टेंबरात, टेरेन्स ब्लँचर्डचा. 138 वर्षांत त्यांना एकही चांगला सापडला नाही म्हणता?

पडद्याचा मुद्दाही तुम्ही काढला आहे: हल्ली वृंदात निवड करताना वादक पडद्याआड बसतो, मग रंग दिसतोच कुठे. पडदा चांगला. पायातल्या टाचांचा आवाज येऊ नये म्हणून गालिचाही अंथरतात. त्याने स्त्रियांना पुष्कळ फायदा झाला. पण अमेरिकी वृंदांत 2014 मध्येही कृष्णवर्णीय वादक 100 मागे दोनसुद्धा नव्हते. पडदा येतो शेवटच्या दिवशी. त्याआधीची पंधरा वर्षं, चांगलं वाद्य, चांगला गुरू, उन्हाळी शिबिरं, परीक्षेला गावोगाव जायचा खर्च, ती पडद्याआड नसतात. न्यूयॉर्क फिलहार्मनिकमध्ये अँथनी मॅगिल हे मुख्य क्लॅरिनेटवादक झाले 2014 मध्ये. त्या वृंदात कुठल्याही वाद्याच्या प्रमुखपदी आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. लंडनमध्ये चि-चि न्वानोकू या डबल बास वाजवणाऱ्या बाईंनी 2015 मध्ये ‘चिनेके!’ हा वृंद काढला तो याच पंधरा वर्षांची सोय करायला. त्याला जोडून लहानांचाही वृंद आहे.

प्रश्न : सॅम्युअल कोलरिज-टेलर हा कवी कोलरिजचा नातेवाईक का?

हसू नका, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. आमच्या कपाटात त्याच्या ‘पेतित स्वीट द कॉन्सेर’चा पिवळा पडलेला संच होता. हलक्याफुलक्या कार्यक्रमात आम्ही तो वाजवायचो आणि माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी गोरा, कल्लेवाला लॉर्ड यायचा. एके दिवशी त्याचा फोटो पाहिला आणि खजील झाले.

आईने कवीच्या नावावरून नाव ठेवलं, एवढाच संबंध. वडील सिएरा लिओनचे डॉक्टर, मुलगा जन्मायच्या आधीच परत गेलेले. 1875 चा जन्म, वाढला क्रॉयडनला, पंधराव्या वर्षी रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये. 1898 मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, इंग्लिश रचनाकार एल्गारने शिफारस केली म्हणून ग्लॉस्टरच्या महोत्सवात त्याची रचना वाजली, आणि त्याच नोव्हेंबरात ‘हायावाथाज् वेडिंग फीस्ट’. इंग्लंडभरच्या गायकवृंदांनी ती डोक्यावर घेतली, प्रती लाखांच्या घरात खपल्या. त्याने ती प्रकाशकाला एकरकमी विकली होती, 15 गिनींना. म्हणजे पावणेसोळा पौंड, आणि विषय संपला.

तो शिकवत राहिला, स्पर्धांचं परीक्षण करत राहिला, वृंद चालवत राहिला. वेस्ट क्रॉयडन स्टेशनवर कोसळला आणि चार दिवसांत, 1 सप्टेंबर 1912 ला, न्यूमोनियाने गेला. वय 37. राजाने विधवेला वर्षाला 100 पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. लोकांना लाज वाटली, ओरड झाली, आणि 1914 मध्ये ब्रिटनमध्ये रचना वाजली की रचनाकाराला मानधन मिळवून देणारी संस्था उभी राहिली, त्यामागे हे प्रकरणही होतं. आज तिथे कुणाचंही गाणं वाजलं आणि खात्यात चार पैसे आले, तर त्यात याचे ते 15 गिनी आहेत.

प्रश्न : मी चार वर्षं व्हायोलिन शिकते आहे. यांतलं मला काय वाजवता येईल? सर म्हणतात आधी बाख पुरा कर.

सर बरोबर म्हणतात, बाख सोडू नकोस. पण सोबत प्राइसबाईंची ‘अ‍ॅडोरेशन’ घे. मुळात ऑर्गनसाठी लिहिलेली छोटी रचना, व्हायोलिनवर फार गोड बसते. सूर अवघड नाहीत, गज लांब आणि न थरथरता ओढणं अवघड आहे, तेच शिकायचं. मग कोलरिज-टेलरचं ‘डीप रिव्हर’, मॉड पॉवेल या वादिकेने व्हायोलिनसाठी उतरवलेलं. ते ओढून रडकं करू नकोस. सँ-जॉर्ज अजून तीन-चार वर्षांनी. आणि जॉर्ज वॉकर यांचं ‘लिरिक फॉर स्ट्रिंग्ज’ नुसतं ऐक, दिवे मालवून. 1946 चं आहे. गुलामगिरीतून पळून आलेल्या आजीच्या आठवणीसाठी त्यांनी ते चोविसाव्या वर्षी लिहिलं. पन्नास वर्षांनी, 1996 मध्ये, त्यांच्या दुसऱ्या एका रचनेला पुलित्झर मिळालं. संगीतासाठी ते मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय रचनाकार.

प्रश्न : मी सहावीत आहे. मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की बेथोव्हनने ब्रिजटॉवरला नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) दिला. एवढ्या मोठ्या माणसाने एवढीशी भेट का दिली? आणि तो कुठे आहे?

एवढीशी कशी? तेव्हा प्रत्येक गावाचा सूर वेगळा असायचा. फिरत्या वादकाला नादकाटा म्हणजे खिशात नेता येणारा ठरलेला सूर. तो काटा हातोहात फिरत गुस्ताव होल्स्ट आणि मग राल्फ व्हॉन विल्यम्स या इंग्लिश रचनाकारांकडे आला, आणि आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. भांडण झालं, अर्पणपत्रिका गेली, सोनाट्याचं नाव गेलं, काटा मात्र ब्रिजटॉवरने ठेवून घेतला होता.

त्याचा ‘ए’ हा स्वर सेकंदाला साधारण 455 कंपनांचा आहे. आपण 440 ला लावतो. म्हणजे तो आपल्यापेक्षा पाव सुराहून थोडा जास्त चढा. करून बघायचं असेल तर फोनवरच्या ट्यूनरमध्ये आकडा बदलून ‘ए’ तार हळूहळू वर घे, आणि ई तारेला घाईने हात लावू नकोस, ती आधी तुटते. तुटली तर सरांना माझं नाव सांग.